घोट्यातले स्टीलचे स्क्रू आणि तीन महिन्यांचा धीर

लोणावळा लोकलमध्ये कामशेतच्या पुढे रेंज गेली आणि भाग अर्धाच ऐकायचा राहिला, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जे दोनदा-तीनदा झालं ते काढलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे, आणि ज्यांच्या घरात असं ऑपरेशन झालंय त्यांनी तो कधी ना कधी विचारलेलाच असतो. घोट्याचा सांधा कायमचा जोडून टाकलाय, आत स्टीलचे किंवा टायटॅनियमचे दोन-तीन जाडजूड स्क्रू बसवलेत. स्टील आहे ना? मग दोन-तीन महिने पाय टेकवायचा नाही, असं डॉक्टर का सांगतात? स्टीलला काय होणार आहे?

होतं. स्टीलला बरंच काही होतं. ते कसं, हेच आज समजून घेऊ.

००:५० | घोटा खराब होतो कशाने

गुडघा बहुतेक वेळा वयाने झिजतो. घोट्याचं तसं नाही. घोट्याचा सांधा झिजलेल्या बहुतांश लोकांच्या मागे एखादी जुनी दुखापत असते. कधीतरी झालेलं फ्रॅक्चर, नीट न बसलेलं हाड, किंवा वर्षानुवर्षं मुरगळत राहिलेला पाय.

आणि आपल्या भागात अशा दुखापतींना काही तोटा नाही. एक्स्प्रेसवे आहे, जुना हायवे आहे, त्यावर दुचाकी आहेत. पावसाळ्यात लोहगड, विसापूर, तिकोना, राजमाची इथल्या शेवाळलेल्या दगडांवरून घसरणारे ट्रेकर आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची टीम स्ट्रेचर घेऊन डोंगर चढताना तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. शिवाय बांधावरून पाय सटकणारे शेतकरी आणि बांधकामावर परांचीवरून पडणारे मजूर आहेत. त्यांची बातमी होत नाही, एवढंच.

तर हाड जुळतं, माणूस कामाला लागतो. पण सांध्याच्या आतला गुळगुळीत कूर्चेचा थर खरवडला गेलेला असतो, तो काही परत येत नाही. पाच, दहा, पंधरा वर्षांनी घोटा सुजायला लागतो, रात्री ठणकतो, सकाळची पहिली पावलं नकोशी होतात. गोळ्या, पट्टा, इंजेक्शन सगळं करून झालं की मग डॉक्टर म्हणतात, "सांधा जोडून टाकू." याला वैद्यकीय भाषेत आर्थ्रोडेसिस म्हणतात. बोलताना सगळे फ्यूजनच म्हणतात.

०२:४० | जोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं

घोट्यात वरून नडगीचं हाड येतं, शेजारी फिब्युला नावाचं बारीक हाड असतं, आणि या दोघांच्या खोबणीत टॅलस नावाचं हाड बसलेलं असतं. टॅलसच्या खाली टाचेचं हाड. पाऊल वर-खाली होतं ते मुख्यतः नडगी आणि टॅलसमध्ये. पाऊल आत-बाहेर कलतं ते टॅलस आणि टाचेमध्ये. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फ्यूजनमध्ये सर्जन नडगी आणि टॅलस यांच्यावरची उरलीसुरली कूर्चा खरवडून काढतात. खालचं जिवंत, रक्त येणारं हाड उघडं करतात. मग दोन्ही हाडं एकमेकांवर घट्ट दाबून धरायची आणि शरीराला सांगायचं, हे फ्रॅक्चर आहे असं समज आणि जोडून टाक. जुळलं की दोन हाडांचं एक हाड होतं. सांधाच उरला नाही, त्यामुळे त्या सांध्याचं दुखणंही उरत नाही.

कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियाचे सर्जन एडुआर्ट आल्बर्ट यांनी १९ व्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत पोलिओने लुळे पडलेले सांधे अशा रीतीने जोडले. पण जोडणं टिकवायचं कसं, हा खरा प्रश्न होता. नुसत्या प्लॅस्टरमध्ये हाडं सुटी राहायची. मग १९५१ मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी मांडलं की हाडं फक्त शेजारी ठेवून भागत नाही, ती एकमेकांवर दाबून ठेवायला हवीत. त्यांनी हाडांतून आडव्या सळया घालून बाहेरून शिकंजा आवळला. पुढे आधुनिक हिप रिप्लेसमेंटचा पाया घातला ते हेच चार्नली. आज तो शिकंजा आत गेलाय आणि त्याचे स्क्रू झालेत. दाब मात्र तोच.

०४:४० | केसापेक्षाही कमी हालचाल

आता मुद्द्याचं. हाड जुळायला काय लागतं? रक्तपुरवठा, दाब, आणि स्थिरता. यातली स्थिरता म्हणजे किती?

स्वित्झर्लंडच्या स्टेफान पेरेन यांनी याचं एक सोपं माप दिलं. दोन हाडांमधल्या फटीत नवीन पेशी तयार होत असतात. हालचाल झाली की फट ताणली जाते आणि त्या पेशीही ताणल्या जातात. मऊ, लवचीक ऊती भरपूर ताण सोसतात. कूर्चेसारखी ऊती साधारण १० टक्के सोसते. पक्कं हाड मात्र २ टक्क्यांच्या आसपासच.

हिशेब करून बघा. फट १ मिलिमीटरची धरली, तर २ टक्के म्हणजे ०.०२ मिलिमीटर. डोक्यावरचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो! याच्यापेक्षा जास्त हालचाल रोज होत राहिली, तर शरीर हाडाऐवजी चिवट, रबरासारखी ऊती तयार करतं. कारण तिथे तीच तग धरू शकते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आत जोड कच्चा. त्याला नॉनयुनियन म्हणतात.

म्हणजे स्क्रूचं काम तुमचं वजन उचलणं हे नाहीच. हाड तयार होईपर्यंत दोन हाडांना केसभरही हलू न देणं, हे त्याचं काम.

मावळात सध्या जिकडे बघाल तिकडे बंगले चाललेत, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. स्लॅब टाकला की खाली सेंट्रिंग असतं, लोखंडी टेकू असतात. टेकू भक्कम आहेत म्हणून दुसऱ्याच दिवशी आपण स्लॅबवर हळदीचा डीजे लावून नाचत नाही. टेकू काँक्रीट सेट होईपर्यंत असतात. घर उभं राहतं ते स्लॅबवर. घोट्यातले स्क्रू म्हणजे सेंट्रिंग, आणि तुमचं हाड म्हणजे स्लॅब. फरक एवढाच की हे सेंट्रिंग नंतर बहुतेक वेळा काढत नाहीत.

०६:३० | स्क्रू दाब देतो कसा

हा स्क्रू साध्या स्क्रूसारखा नसतो. त्याच्या फक्त टोकाकडच्या भागाला आटे असतात, वरचा दांडा गुळगुळीत. सुताराला विचारा, तो लगेच सांगेल. दोन फळ्या घट्ट आवळायच्या असतील तर वरच्या फळीचं भोक सैल ठेवायचं आणि आटे फक्त खालच्या फळीत धरू द्यायचे. मग स्क्रू फिरवला की डोकं वरच्या फळीला खाली खेचतं आणि फट मिटते.

घोट्यातही तेच. सगळे आटे सांध्याच्या पलीकडे, समजा टॅलसमध्ये, जायला हवेत. दोन-तीन आटे जरी सांध्याच्या अलीकडे राहिले, तरी स्क्रू दोन्ही हाडांना धरून बसतो आणि उलट फट तशीच कायम ठेवतो.

किती स्क्रू, हाही मेकॅनिक्सचा प्रश्न. एकच स्क्रू घातला तर पाऊल त्याच्याभोवती फिरू शकतं, एका खिळ्यावर टांगलेल्या फोटोसारखं. दोन स्क्रू समांतर घातले तर फिरणं कमी होतं. तेच दोन तिरके, एकमेकांना छेद देणारे घातले तर पकड आणखी सुधारते. तिसरा घातला की वळणाऱ्या ताकदीला चांगला विरोध होतो. म्हणून बऱ्याच एक्स-रेमध्ये तुम्हाला दोन किंवा तीन तिरके स्क्रू दिसतात. त्यातला एक बऱ्याचदा नडगीच्या मागच्या बाजूने निघून पुढे टॅलसच्या मानेत जातो. तसं का, तर चालताना तळव्याच्या पुढच्या भागावर वजन आलं की पाऊल वरच्या दिशेने ढकललं जातं आणि जोड मागून उघडू पाहतो. तो स्क्रू मागची बाजू बांधून ठेवतो.

जाडीचा तर मोठाच फरक पडतो. गोल सळईची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बाकी सगळं सारखं असेल तर ६.५ मिलिमीटरची सळई ही ४ मिलिमीटरच्या सळईपेक्षा जाडीला दीडपटीहून थोडी जास्त, पण ताकदीला चौपट. घोट्याला साडेसहा-सात मिलिमीटरचे स्क्रू वापरतात ते उगाच नाही.

०८:४० | प्लेट, रॉड आणि बाहेरची फ्रेम

स्क्रू नेहमी पुरतातच असं नाही. हाड ठिसूळ असेल, जुन्या फ्रॅक्चरने खड्डा पडलेला असेल किंवा पाय वाकडा झाला असेल, तर पुढच्या बाजूने धातूची पट्टी लावतात. पट्टीमुळे ताकद अनेक स्क्रूंमध्ये वाटली जाते.

टॅलसच्या खालचा सांधाही गेला असेल, तर तळपायातून टाचेच्या हाडात, तिथून टॅलसमध्ये आणि तिथून नडगीच्या पोकळीत वर एक रॉड घालतात. तो हाडाच्या मधोमध असतो, त्यामुळे वाकवणाऱ्या ताकदीला चांगला तोंड देतो. पण त्याची किंमत आहे. पाऊल आत-बाहेर कलणंही थांबतं. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या माणसाला हे फार जाणवतं.

आणि जिथे पू झालाय, इन्फेक्शन आहे, तिथे आत धातू ठेवणं धोक्याचं. धातूवर जंतूंचा थर बसला की औषध तिथे नीट पोचत नाही. मग बाहेरून रिंगांची फ्रेम लावतात. दिसायला भीतीदायक, महिनोन्‌महिने सांभाळायला कटकटीची, पण अशा पायासाठी अनेकदा तोच मार्ग उरतो.

स्टील की टायटॅनियम? यावर कॉलेज कट्ट्यासारखी भांडणं होतात. स्टील हाडापेक्षा साधारण दहापट ताठ असतं, टायटॅनियमचा मिश्रधातू पाच-सहापट. टायटॅनियम एमआरआयमध्ये कमी त्रास देतं. पण नीट बसवलेला स्टीलचा स्क्रू चुकीच्या जागी घातलेल्या टायटॅनियमपेक्षा कधीही चांगला. धातूच्या नावापेक्षा आटे कुठे धरलेत ते महत्त्वाचं.

१०:२० | धातू थकतो

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. स्टील आहे, मग काय होणार?

तार हाताने तोडायची असेल तर आपण काय करतो? ओढत नाही. एका जागी वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो. काही वेळाने ती तुटते. स्क्रूला इतकं वाकवावं लागत नाही. डोळ्याला न दिसणारा अगदी थोडा बाक हजारो वेळा आला, तरी आट्याच्या खाचेत बारीक भेग पडते आणि ती वाढत जाते. एका धक्क्यात न मोडणारा धातू अशा छोट्या धक्क्यांनी मोडतो. याला थकवा म्हणतात, इंजिनिअरिंगच्या भाषेत फटीग.

चालताना घोट्यावर किती जोर येतो? फक्त तुमचं वजन नाही. पुढच्या चवड्यावर भार आला की पोटरीच्या स्नायूला टाच जोरात वर खेचावी लागते, आणि ती ओढ वजनात मिळते. बेरीज शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट होते. ७० किलोच्या माणसाला प्रत्येक पावलाला साधारण २८० ते ३५० किलोचा जोर. घोटा जोडलेला असतानाही चवड्यावरचा भार लांब दांड्यासारखा काम करतो आणि त्याचा पीळ थेट त्या जोडावर येतो.

आता पावलं मोजा. दिवसाला ५,००० पावलं धरली तर एका पायाला २,५००. शंभर दिवसांत अडीच लाख वेळा तोच झटका.

पुणे-लोणावळा लाइनीवर तुम्ही कीमॅन बघितला असेल. खांद्यावर हत्यार घेऊन रुळावरून चालत जातो, ढिल्या पडलेल्या वस्तू ठोकतो, नटबोल्ट आवळतो. रूळ पोलादाचे आहेत, तरी रोज कोणीतरी चालत जावं लागतं. कारण सतत गाड्या गेल्या की धातूचा जोड ढिला होतो. तुमच्या घोट्यात कीमॅन नाही. स्क्रू एकदा आवळला तो आवळला.

म्हणून हाडाचे डॉक्टर याला शर्यत म्हणतात. एका बाजूला जुळत जाणारं हाड, दुसऱ्या बाजूला थकत जाणारा धातू. हाड आधी जुळलं तर भार हाड घेतं, स्क्रूला आराम मिळतो, आणि तो आयुष्यभर आत पडून राहिला तरी चालतो. हाड जुळलंच नाही, तर कितीही महागाचा स्क्रू असो, तो एक दिवस ढिला होणार किंवा मोडणार. एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कड दिसायला लागली की समजायचं, हाडाने त्याला सोडायला सुरुवात केलीय.

१२:३० | धीर न धरता येण्याची कारणं

इथपर्यंत सगळं भौतिकशास्त्र झालं. पण माणसं पाय टेकवतात ती भौतिकशास्त्र कळत नाही म्हणून नाही.

समजा पवन मावळातला पन्नाशीचा शेतकरी आहे. ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी झालं. सहा आठवडे झाले तेव्हा जूनचा पाऊस सुरू झालेला, रोपं तयार, लावणी तोंडावर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी भातावर इथल्या कितीतरी घरांचं वर्ष चालतं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. आणि गंमत अशी की सहाव्या आठवड्यात दुखणं कमी झालेलं असतं. सूज उतरलेली असते. पाय "बरा" वाटतो. घरचे म्हणतात, स्टील आहे की आत. आणि तो चिखलात उतरतो.

चिखल तर घोट्याचा वैरीच. पाऊल रुततं, उपसताना पिळलं जातं. दोन तिरक्या स्क्रूंना जे सगळ्यात कमी आवडतं, नेमकं तेच.

अशा वेळी "डॉक्टरचं ऐका" एवढं म्हणून उपयोग नाही. ऑपरेशनची तारीख ठरवतानाच सुगी आणि लावणी डोक्यात घ्यायला हवी. दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर केलं तर हाडाला उन्हाळ्यापर्यंत वेळ मिळतो. फ्यूजन ही बहुतेक वेळा तातडीची शस्त्रक्रिया नसते. सर्जनला सरळ विचारा, दोन-चार महिने पुढे ढकललं तर चालेल का? तुमचं काम काय आहे हे त्यांना सांगा. तळेगावच्या मायमरमध्ये दाखवत असाल, पुण्यात ससूनला किंवा संचेतीला, कुठेही. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

आणि दोन गोष्टी. एक, तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये घोट्याचा जोड न जुळण्याचा धोका कित्येक पट वाढतो. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. तंबाखू चघळली काय, आजीने मिश्री लावली काय, निकोटिन रक्तात जातंच. दुसरी, साखर. जुन्या डायबेटिसमध्ये पायाची जाणीव कमी होते. इतरांना दुखतं म्हणून ते थांबतात. यांना दुखतच नाही, त्यामुळे स्क्रू मोडेपर्यंत चालत राहतात. अशा पायात सर्जन मुद्दामच जास्त धातू घालतात आणि जास्त दिवस थांबवतात.

१४:४० | जुळल्यावर काय जमतं, काय नाही

हे ऑपरेशनच्या आधी समजून घ्यायचं असतं, नंतर नाही.

सपाट रस्त्यावर बहुतेक लोक चांगले चालतात. बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण पावलाच्या पुढचे लहान सांधे थोडी हालचाल भरून काढतात. लोहगडाच्या पायऱ्या सावकाश जमू शकतात. उतार जास्त त्रास देतो. टाच टेकवून उकिडवं बसणं मात्र जमत नाही, आणि वज्रासनही नाही. म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास, चुलीपुढे बसणं, खुरपणी या सगळ्याची वेगळी सोय लागते. १९६८ च्या सुमारास जयपूर फूट तयार करताना रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी याच गोष्टी डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या: उकिडवं बसणं, अनवाणी चालणं, शेतातला चिखल. पाश्चात्त्य बनावटीच्या पायात ते बसत नव्हतं. पाय जोडतानाही हाच विचार हवा.

म्हणून कोन महत्त्वाचा. साधारणपणे पाऊल नडगीला काटकोनात, टाच किंचित बाहेर कललेली आणि पंजा थोडा बाहेर वळलेला ठेवतात. पाऊल खाली झुकलेलं राहिलं तर अनवाणी चालताना गुडघा मागे ढकलला जातो. आपण घरात चप्पल घालत नाही, त्यामुळे ही चूक आपल्याला जास्त महागात पडते.

आणि एक दूरची गोष्ट. जोडलेल्या घोट्याचं काम शेजारच्या सांध्यांवर पडतं. दहा-वीस वर्षांत त्यांची झीज दिसू शकते. तिशीतल्या रुग्णाने हे ऐकूनच निर्णय घ्यावा.

१६:१० | तुमचे प्रश्न

*स्क्रू नंतर काढावे लागतात का?* जोड जुळला असेल आणि स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचत नसेल तर बहुतेक वेळा नाही.

*एक्स-रेत एक स्क्रू मोडलेला दिसतोय, पुन्हा ऑपरेशन?* आधी जोड जुळलाय का ते बघतात, गरज पडली तर सीटी स्कॅन करून. जुळला असेल आणि दुखत नसेल तर मोडलेला तुकडा तसाच राहू शकतो. दुखत असेल तर मात्र लवकर दाखवा.

*घोट्याचं रिप्लेसमेंट का नको?* काहींसाठी ते योग्य असतं. पण तरुण, जड काम करणारा, डोंगर चढणारा माणूस असेल तर कृत्रिम सांधा लवकर ढिला होण्याची भीती असते. जोडलेलं हाड ढिलं होत नाही.

*पाय टेकवायचा कधी हे कोण ठरवणार?* दुखणं थांबलं म्हणजे झालं, असं नाही. एक्स-रेवर एका हाडातून दुसऱ्यात जाणाऱ्या हाडाच्या रेषा दिसायला लागल्या की सर्जन हळूहळू वजन द्यायला सांगतात. कुणाला सहा आठवडे, कुणाला बारा, कुणाला त्याहून जास्त. शेजारच्या काकांना किती दिवसांत चालवलं होतं, याला अर्थ नाही.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा "स्क्रू ठीक आहेत ना?" असं विचारू नका. "हाड जुळलंय का, आणि तुम्ही ते कशावरून सांगताय?" असं विचारा. एक्स-रे उजेडात धरून दाखवायला सांगा. आणि घरात कोणी क्रचेस घेऊन बसलं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. त्यांच्यापेक्षाही, "स्टील आहे की आत" म्हणणाऱ्यांना आधी पाठवा.

भेटू पुढच्या भागात. पावसाळी दगडांवर जरा जपून!